लग्नपत्रिकेचं दुकान, सीताबर्डी, नागपूर : 'नवबौद्ध' काढून 'बौद्ध' छापून दिलं, ५ पैकी ४ स्टार

भावाचं लग्न फेब्रुवारीत झालं, त्याच्या पत्रिका बर्डीच्या एका दुकानातून छापून घेतल्या, साडेतीनशे नग. बरेच जण विचारतात कुठून केल्या म्हणून सविस्तर लिहितेय. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण सुरुवातीला जे झालं ते वाचून लोक नावासोबत तेवढीच चूक लक्षात ठेवतील, आणि त्या काकांनी नंतर जे केलं ते त्या चुकीपेक्षा कितीतरी मोठं आहे. ओळखीच्यांनी फोन करा, पत्ता सांगते.

आधी दुकानाबद्दल. वरच्या मजल्यावर छोटीशी जागा, जिना अरुंद आहे, गुडघेदुखीवाल्यांना त्रास होईल (आईला झाला). आत दोन्ही भिंतींना रॅक, रॅकमध्ये नमुन्यांचे अल्बम, एका कोपऱ्यात कॉम्प्युटरवर एक मुलगा डीटीपी करत बसलेला. छपाई तिथे होत नाही, ती बाहेरून करून आणतात, पण मॅटर लावणं, प्रूफ, पाकिटं सगळं इथेच. साध्या एका पानाच्या कार्डापासून ते डबीत ठेवलेल्या महागड्या पत्रिकेपर्यंत सगळं आहे. आम्ही घेतली ती दुमडणारी, आत एक पान, वर सोनेरी फॉइल, पाकिटासकट २२ रुपये नग. दुसरीकडे तसल्याच कार्डाचे २६-२८ सांगत होते. भाव वाजवी आहे, घासाघीस फार करावी लागली नाही.

आता मुद्द्याचं. अल्बमवर स्केचपेनने लिहिलेले स्टिकर चिकटवलेले होते, हिंदू, जैन, मुस्लिम, सिंधी, ख्रिश्चन, असे. आणि एकावर लिहिलेलं 'नवबौद्ध'. आई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. आई काही बोलली नाही, तिने तो अल्बम उघडला आणि डिझाइन बघायला लागली. तिला सवय आहे. मलाही आहे खरं तर, शाळेपासून फॉर्मवर हा शब्द बघत आलेय, पण फॉर्म भरणं वेगळं आणि घरच्या लग्नाची पत्रिका निवडणं वेगळं, तिथे पोटात काहीतरी हललंच. पण त्या दिवशी गर्दी होती, आम्ही डिझाइन पसंत केलं, मॅटर कागदावर लिहून दिलं, तीन हजार ॲडव्हान्स दिला आणि आलो.

चूक आमचीही एक झाली. मॅटरमध्ये नावं, तारीख, स्थळ एवढंच लिहून दिलं, बाकी 'तुमच्याकडे बौद्ध लग्नाचं जे असतं ते लावा' म्हणून सांगितलं. म्हणजे बाकीचं सगळं त्यांच्या जुन्या फाइलमधून आलं.

दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर प्रूफ आलं. वर तथागतांचं चित्र आणि बाबासाहेबांचा फोटो, ते बरोबर. खाली लिहिलेलं 'सदर विवाह नवबौद्ध पद्धतीने संपन्न होईल'. भावाच्या नावामागे चि. आणि होणाऱ्या वहिनीच्या नावामागे चि.सौ.कां. 'बुद्ध' हा शब्द तीनदा होता आणि तिन्हीदा 'बुध्द' असा, म्हणजे ध ला द जोडलेला. 'शुभ मुहूर्त' होता. आणि बाबांच्या नावाआधी 'कै.'

बाबा जाऊन चार वर्षं झाली. मी मोबाइल हातात घेऊन बराच वेळ नुसती बसले होते. कै. म्हणजे कैलासवासी, कैलास म्हणजे शंकराचं ठिकाण, आणि माझा बाप आयुष्यभर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणणारा माणूस, पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही ही. कुणाच्या श्रद्धेला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये, ज्यांचा कैलासावर विश्वास आहे त्यांच्यासाठी तो शब्द सुंदरच आहे. पण माझ्या वडिलांना त्यांच्या मरणानंतर, त्यांच्याच मुलाच्या पत्रिकेवर, त्यांनी नाकारलेल्या ठिकाणी नेऊन बसवायचं हे मला सहनच झालं नाही. आमच्यात 'कालकथित' लिहितात. कुणी अडवून बसल्याशिवाय ते छापलंच जात नाही हा अनुभव सगळ्यांचाच असेल.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर थेट दुकानात. मनात भांडायचंच होतं हे कबूल करते. काका काउंटरवर होते, साठीचे असतील, मी प्रूफ दाखवून म्हटलं काका हे 'नवबौद्ध' काढा, फक्त 'बौद्ध' लिहा. ते म्हणाले, 'ताई, यात चुकलं काय ते सांगा ना, सरकारच लिहितं तसं, आम्ही आपलं तेच लिहिलं.' आवाजात अजिबात उद्धटपणा नव्हता, त्यांना खरंच माहिती नव्हतं, आणि तिथेच माझा राग अर्धा उतरला.

कारण ते म्हणतात ते खोटं नाही. सरकारी कागदावर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हे इतकं ठसलंय की वसतिगृह, निवासी शाळा, भूमिहीनांना जमीन देण्याची योजना, सगळीकडे जोडीनेच येतं. मी त्यांना सांगितलं की हा शब्द आला कुठून. अनुसूचित जातींचा १९५० चा जो आदेश होता त्यात काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदूंना धरलं होतं, १९५६ ला सगळे शीख जोडले, पण बौद्ध झालेल्यांना केंद्राने त्यात घेतलं ते थेट १९९० ला. मधल्या काळात धम्मदीक्षा घेतलेल्या लोकांच्या पोरांचं शिक्षण, नोकरी यांचं काय, म्हणून आपल्या राज्याने, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, त्यांना सवलती दिल्या आणि त्या देण्यासाठी कागदावर एक कप्पा लागतो, त्या कप्प्याचं नाव झालं नवबौद्ध. म्हणजे सोयीसाठी बनलेला शब्द आहे, आणि त्या सोयीने हजारो घरं उभी राहिली, आमचंही, त्याबद्दल माझी तक्रार शून्य. पण तो सवलतीच्या रकान्याचा शब्द आहे हो, आमच्या धर्माचं नाव नाही. धर्माचं नाव बौद्ध.

आणि 'नव' किती दिवस? दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला भन्ते चंद्रमणींनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी लाखो लोकांना, तेव्हा माझी आजी अकरा-बारा वर्षांची होती. वर्ध्याकडच्या गावाहून सगळ्यांसोबत आलेली, तिच्या आईने त्या दिवसासाठी पांढरं लुगडं उसनं आणलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात दर दसऱ्याला निघते. आज आजी ऐंशीच्या पुढे आहे. माझी आई बौद्ध घरात जन्मली, मी जन्मले, भावाचं लेकरू होईल ते चौथ्या पिढीचं. चौथ्या पिढीला नवीन म्हणायचं म्हणजे तुम्ही अजून नीट आलेले नाहीत, दारातच उभे आहात, असं ऐकू येतं. म्हणणाऱ्याच्या मनात ते नसेल पण ऐकणाऱ्याला तेच ऐकू येतं. आणि त्या 'नव' च्या मागे आणखी एक न बोललेला प्रश्न असतो, की आधी कोण होतात. तोच प्रश्न मागे ठेवून यायला तर आजी त्या मैदानावर आली होती ना.

मी काकांना आकडे पण सांगितले, मला असले आकडे पाठ असतात, बाबांची सवय. आजच्या महाराष्ट्राच्या भागात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास आणि दहा वर्षांनी, १९६१ ला, २७ लाखांच्या वर. त्या लोकांनी जनगणनेवाल्याला आपला धर्म काय सांगितला? बौद्ध. निरक्षर माणसांनी, जोखीम पत्करून, सवलत जाईल हे माहीत असून सांगितला. २०११ ला राज्यात ६५ लाख ३१ हजार, देशात ८४ लाख, म्हणजे देशातले चारातले तीन बौद्ध आपल्या महाराष्ट्रातले. जनगणनेच्या तक्त्यात धर्माच्या जागी 'बौद्ध' आहे. मग पत्रिकेवर नव कशाला?

हे चाललं होतं तेवढ्यात बाजूला बसलेले एक गृहस्थ बोलले. ते मुलीच्या पत्रिकेसाठी आलेले, रिटायर्ड शिक्षक, आधी जय भीम केला आणि मग म्हणाले, 'पोरी, मला तर या शब्दाचा काही त्रास नाही, माझ्या सगळ्या कागदांवर तोच आहे, त्याच्यावरच मी शिकलो. आणि बाबासाहेबांनी स्वतः नवयान म्हटलं होतं, इथेच, बर्डीवर.' ते बरोबर होतं. दीक्षेच्या आदल्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात बाबासाहेब उतरलेले असताना पत्रकारांनी हीनयान की महायान असं विचारलं तेव्हा त्यांनी आपला धम्म त्या जुन्या भांडणात न अडकणारा, एक प्रकारचं नवयान, अशा अर्थाचं सांगितलं होतं. मी सरांना म्हटलं, सर ते यान नवं म्हणाले, मार्ग नवा, बुद्धाकडे बघायची रीत नवी. त्या मार्गावर चालणारा माणूस बौद्धच ना, थेरवादी बौद्ध, महायानी बौद्ध, तसा नवयानी बौद्ध म्हणा की, त्याला मी कशाला नाही म्हणू. पण नुसतं नवबौद्ध म्हणजे जसं काही पूर्ण बौद्ध वेगळे आणि आम्ही वेगळे. सर हसले, म्हणाले विचार करतो. आमचं एकमत झालं नाही पण काकांनी तिघांना चहा मागवला. सरांच्या मुलीच्या पत्रिकेवर काय छापलं ते मला माहीत नाही, तो त्यांच्या घरचा निर्णय, त्यांच्यासाठी मी ठरवणारी कोण.

खरी गंमत, गंमत म्हणण्यापेक्षा मला जे शिकायला मिळालं ते, कॉम्प्युटरवरच्या मुलाकडून. तो सगळं ऐकत होता, मान वर न करता माऊस फिरवत. मध्येच म्हणाला, 'काका, हे मानभाव सारखंच आहे.' काका गप्पच झाले. मला कळेना. मग त्याने सांगितलं की तो अमरावती जिल्ह्यातला, रिद्धपूरच्या बाजूचा, घर महानुभाव पंथाचं. त्यांच्या पत्रिकेवर पण गणपती नसतो, भेटल्यावर दंडवत प्रणाम म्हणतात, आणि लोक सर्रास त्यांना 'मानभाव' म्हणतात. आजोबांना कुणी मानभाव म्हटलं की ते थांबून, शांतपणे, पूर्ण शब्द उच्चारून दाखवायचे, म-हा-नु-भा-व. समोरचा नीट म्हणेपर्यंत पुढे बोलायचे नाहीत.

मी त्या जिन्यावरून उतरताना हेच डोक्यात घोळवत होते. 'मानभावी' हा शब्द मी किती वेळा वापरलाय, वरून साळसूद आणि आतून लबाड अशा माणसासाठी, ऑफिसमध्ये, घरी, सहज. तो शब्द एका पंथाच्या नावाची मोडतोड करून बनलाय हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. ज्या लोकांनी तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या आठवणी मराठीत लिहून ठेवल्या, लीळाचरित्र, आपल्या भाषेतलं पहिलं मोठं गद्य, त्यांचंच नाव आपण त्याच भाषेत शिवीसारखं वापरतो. मी नऊ-दहा पायऱ्या उतरून पुन्हा वर गेले आणि त्या मुलाला सांगितलं की दादा, मी तो शब्द वापरायचे, आता नाही वापरणार. तो जरा लाजला, 'नाही ताई, सगळेच म्हणतात' म्हणाला. सगळेच म्हणतात हे वाक्य मी पण किती लोकांना म्हटलंय.

असो, पत्रिकेवर येते. त्या मुलाने माझ्यासमोर बसून सगळं मॅटर नव्याने लावलं, पाऊण तास गेला, वेगळे पैसे घेतले नाहीत. विवाह नवबौद्ध पद्धतीने ऐवजी 'मंगल परिणय बौद्ध पद्धतीने'. चि. आणि चि.सौ.कां. काढून आयुष्मान आणि आयुष्मती. शुभ मुहूर्ताच्या जागी 'मंगल समय'. सगळ्यात वर 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स' ही बुद्धवंदनेची पाली ओळ. त्यांच्याकडचा फॉन्ट जुना, त्यात म्म आणि स्स नीट जुळेनात, एकदा स्स च्या मधे फट पडली, एकदा म चा काना उडाला, मग त्याने दुसरा फॉन्ट घेतला आणि ती एकच ओळ अक्षर अक्षर मोठं करून तपासली. बुद्ध मधला द्ध पण नीट केला, द च्या पोटात ध. मी सांगितलं नसतं तर चाललं असतं असं तुम्ही म्हणाल, पण ज्याच्या नावाने लग्न लागणार त्याचंच नाव चुकीचं छापायचं का?

एका शब्दावर घरातच वाद झाला. जुन्या फाइलमध्ये होतं 'तथागत भगवान बुद्ध व बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कृपेने'. भाऊ म्हणाला कृपा देव करतो, बुद्धाने तर मी मार्ग दाखवणारा आहे असं सांगितलं, 'प्रेरणेने' लिहू. आई म्हणाली आपल्या सगळ्या लग्नांत कृपेनेच लिहिलंय, मामाच्या पत्रिकेत पण आहे. फोनवर वीस मिनिटं चाललं, तो मुलगा बिचारा कर्सर लावून बसलेला. शेवटी 'प्रेरणेने' झालं, आईने ऐकलं. म्हणजे बघा, एका घरात एका शब्दावर दोन मतं असतात, दुकानदाराने अंदाजाने काहीही लावलं तर ते कुणाला तरी लागणारच, त्यापेक्षा विचारावं.

आणि बाबांच्या नावाआधी 'कालकथित'. तो शब्द त्याला माहीत नव्हता, मी सांगितला, त्याने स्पेलिंग विचारलं, टाइप केला, मग मला म्हणाला, 'ताई, हा मी फाइलमध्ये सेव्ह करून ठेवू का, पुढच्या वेळी विचारीन त्यांना, हा पाहिजे की कै.' मला त्या क्षणी काय वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. मी हो म्हटलं.

पत्रिका घ्यायला गेले तेव्हा अल्बमवरचं स्टिकर बदललेलं होतं. पांढऱ्या कागदावर नीट छापून, 'बौद्ध'. जुन्या स्टिकरचा डिंक अजून बाजूला चिकटलेला दिसत होता. काका स्वतःहून म्हणाले, फाइलचं नाव पण बदललं, आणि बिलावर पण लग्नाचा प्रकार लिहितो तिथे बदललं. मग एक प्रश्न विचारला जो मला आवडला, 'ताई, कुणी आला आणि त्यानेच नवबौद्ध लिहा म्हटलं तर?' मी म्हटलं मग तेच लिहा काका, त्याची पत्रिका आहे. 'आणि आपसात बोलताना?' 'आपसात बोलताना बौद्ध म्हणा, कुणालाच लागणार नाही.' मग त्यांनी हळूच विचारलं की 'दलित' म्हटलेलं चालतं का, कारण पेपरात येतं. मी म्हटलं तो शब्द बरेच जण अभिमानाने लावतात, लढ्याचा शब्द आहे, काहींना नको असतो, पण तो धर्म नाही, पत्रिकेवर धर्म विचारलाय तर धर्मच लिहा. एवढे साधे प्रश्न कुणी सरळ विचारत नाही हो, मनात धरून बसतात किंवा आवाज खाली करून 'ते लोक' म्हणतात. काकांनी सरळ विचारलं.

यावरून भाऊ आधी एका लग्न जुळवणाऱ्या ॲपवर होता तिथला अनुभव आठवला. तिथे धर्म निवडायच्या यादीत बौद्धमध्ये गेलं की खाली आणखी एक यादी, त्यात निओ बुद्धिस्ट, आणि ते न निवडता पुढे जाताच येत नव्हतं. दोनदा मेल केला, दोन्हीदा तयार उत्तर आलं की तुमचा अभिप्राय महत्त्वाचा आहे. पैसे भरलेले तीन महिने संपले, यादी होती तशीच. एवढी मोठी कंपनी, एक ओळ बदलायची होती. इथे स्केचपेनचं स्टिकर चार दिवसांत बदललं.

आता एक स्टार का कापला ते. पत्रिका दिलेल्या तारखेपेक्षा दोन दिवस उशिरा आल्या, आणि लग्नाच्या गडबडीत दोन दिवस म्हणजे खूप, बाहेरगावच्या पत्रिका आम्हाला स्पीड पोस्टने पाठवाव्या लागल्या. बाबासाहेबांचा फोटो छपाईत जरा काळपट आला, चष्म्याच्या मागे डोळे नीट दिसत नाहीत. प्रूफमध्ये स्वच्छ दिसत होता म्हणून आम्ही ओके दिलं, तर स्क्रीनवर नाही, कागदावर एक नमुना काढून मागा. फोटो तुमच्याकडचा मोठा, चांगला असेल तो पेनड्राइव्हवर न्या, त्यांच्याकडचा कुठून तरी घेतलेला लहान आहे. पाकिटांचा गोंद कमी आहे, पंधरा-वीस पाकिटं उघडीच राहत होती, घरी फेविकॉल लावला. फॉइल मात्र एक नंबर, हातावर उतरत नाही, पाच महिने झाले तरी तशीच आहे.

जाणार असाल तर मॅटर पूर्ण घरून लिहून न्या, 'तुमच्याकडचं लावा' म्हणू नका, आणि पाली ओळ असेल तर ती मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहा. घरच्या मोठ्यांना आधी वाचून दाखवा, कृपेने की प्रेरणेने ते घरीच ठरवून जा. संध्याकाळी सहानंतर जा, तेव्हा तो डीटीपीवाला दादा असतो, त्याच्याकडूनच मॅटर लावून घ्या. आणि गेलात की तो अल्बम बघा, खिडकीकडच्या रॅकवर, वरून दुसऱ्या ओळीत, 'बौद्ध' लिहिलेला. त्यात आता आमच्या भावाची पत्रिका पण लावलीय नमुना म्हणून, बाबांचं नाव मधल्या पानावर आहे.